जीप अजून बंदच आहे

फर्दापूर
१६ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. करुणा हीस,
पुंडलिकचा जयभीम.

वर 'सौ.' लिहिलंय, त्याचा राग धरू नको. आई समोर खाटेवर बसलेली हाय. तिला वाचता येत नाय, पण उभ्या जन्मात इतक्या लग्नपत्रिका हातातून गेल्यात की 'सौ.' तेवढं तिला लांबून ओळखू येतं. ते दिसलं नाय तर विचारंल.

लिहायचं कारण असं. राजू जाऊन चार महिने झाले आन् आईला आपण अजून सांगितलेलं नाय. तवा तिच्या खुब्याचं ऑपरेशन होतं. डॉक्टर म्हणला, धक्का देऊ नका. ते बरोबर होतं. पण आता ती काठी धरून मोरीपर्यंत जाती, आन् धक्का द्यायचा दिवस काय माझ्याच्यानं ठरंना. सख्खा धाकटा भाऊ गेला हे मी स्वतःलाच अजून धड सांगितलं नाय, तर तिला काय सांगू?

तुझ्या प्रणयला आजी फोन लावती. "पप्पाला दे" म्हणती. तो म्हणतो, "पप्पा आंघोळीला गेलेत." पोरगं तरी किती दिवस निभावणार?

परवा ती म्हणली, "राजू का येत नाय रे?" माझ्या तोंडून निघून गेलं, "जीप बंद हाय. सेल्फ लागंना." सारी नोकरी एस.टी.च्या वर्कशॉपात गेली, खोटं बोलायची वेळ आली तर दुसरं काय सुचणार? तिचं समाधान झालं, पण अर्धंच. म्हणती, "मंग काय होतंय, ते नीट लिहून धाडायला सांग."

तर तू लिही. माझी सून रूपा वाचून दाखवंल. तिला सगळं माहीत हाय. फोन नको. माझ्या कानाचं तुला ठाऊक हाय. मला फोनवर काय सांगायचं म्हणजे गावाला सांगावं लागतं. आन् फोन वाजला की आई हात पुढं करती. कागदाचं बरं असतं. कागदाला कुणी 'त्याला दे' म्हणत नाय.

दर पाकिटात दोन पानं घालत जा. एक मोठ्यानं वाचायचं, एक माझ्यापुरतं.

आणखी एक. चौदा जानेवारीला, नामविस्तार दिनाला, राजू दरसाल येऊन आईला आन् गल्लीतल्या बायांना जीपमध्ये घालून विद्यापीठाच्या गेटला न्यायचा. तवर जीप नीट व्हईल, असं तिनं धरून ठेवलंय. मला जीपचा आवाज कैक वर्षं झाली येत नाय. पण खाटेवरच्या आईचं तोंड बघितलं की कळायचं, राजू फाट्यावरून वळला.

तुझा,
पुंडलिक


उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर
२३ नोव्हेंबर २०२५

(मोठ्यानं वाचायचं पान)

आत्याबाईंना आणि दादांना जयभीम.

इकडं आम्ही सगळे मजेत. प्रणयची बिडकीनच्या कंपनीतली पाळी बदलली, त्यामुळं तो घरी असतो तेव्हा झोपलेला असतो. गल्लीत पाण्याच्या पाइपासाठी खोदलंय. पाइप अजून आलेले नाहीत, पण खड्डे वेळेवर आले.

जीपचं म्हणाल, तर ती जागची हलत नाही. किल्ली फिरवली की काहीच होत नाही. ह्यांचा सगळा जीव त्या जीपमध्ये, हे तुम्हाला माहीतच आहे. हे म्हणतात, जीप झाली की लगेच येतो. तब्येतीला जपा. गोळ्या वेळेवर घ्या.

तुमची,
सौ. करुणा

(दादांपुरतं)

दादा, वरचं पान लिहायला माझा आख्खा रविवार गेला. शाळेतल्या उत्तरपत्रिका तपासता तपासता मी साप्ताहिकातला माझा कोपरा लिहून काढते, त्यात मुख्याध्यापकापासून नवरदेवापर्यंत कुणाला सोडत नाही. आणि आज 'हे म्हणतात' एवढं लिहून तासभर बसून राहिले. काय म्हणतात? शेवटी त्यांच्या तोंडी सरकारी दवाखान्याच्या भिंतीवरचं वाक्य घातलं. तब्येतीला जपा.

'ह्यांचा सगळा जीव त्या जीपमध्ये' हे लिहून झाल्यावर लक्षात आलं, काय लिहिलं ते. पण खोडलं तर रूपा वाचताना अडखळेल, म्हणून राहू दिलं.

'किल्ली फिरवली की काहीच होत नाही' हे मी बनवलेलं आहे. ते जीपच्या सीटवरच गेले, त्या दिवसापासून जीपचं दार मी उघडलेलं नाही. ती शेजारच्या रत्नमालाबाईंच्या भिंतीला नाक लावून उभी आहे. बॉनेटवर त्या कुरडया वाळत घालतात. मला विचारून घालतात. नाही म्हणण्याइतकं माझं कशाला काही वाटत नाही.

भेटायला लोक अजून येतात. माझ्या डोळ्यांकडं बघतात आणि निराश होऊन चहा पितात. दात काढताना डॉक्टर हिरडीत सुई टोचतो ना, तसं झालंय. गाल आपलाच, पण चावला तरी कळत नाही. फरक एवढाच की ती सुई दुपारपर्यंत उतरते.

प्रणयलाही अजून रडताना बघितलेलं नाही. आम्ही दोघं एकमेकांना "जेवलास का" आणि "जेवलीस का" एवढंच विचारतो. दोघंही हो म्हणतो.

तुमची,
करुणा


फर्दापूर
३ डिसेंबर २०२५

चि. सौ. करुणा हीस जयभीम.

तुझं पत्र आलं. रूपानं मोठ्यानं वाचलं. आईनं दोनदा वाचून घेतलं आन् दोन्हीदा तिथंच थांबवलं. "काहीच होत नाय म्हंजे काय? असं कधी व्हतं व्हय? टक व्हतं का? टकटकटकटक व्हतं का? का नुसतं घुर्र करून बसतं? हॉर्न वाजतो का? दिवे लावून किल्ली फिरवली का? दिवे बसतात का तसेच ऱ्हातात?"

तुला ठाऊक नसंल, आमचे बाबा लेण्यांच्या पाहुण्यांसाठी जुनी जीप चालवायचे. सेल्फ रोजचाच रुसलेला. ते पुढून हँडल मारायचे आन् आई किल्लीवर बसायची, मी तिच्या मांडीवर. इंजिनाचं मी जे शिकलो ते नंतर शिकलो, आधी तिचं बघितलं. ह्या बाबतीत ती माझी साहेब हाय.

तर करुणा, माझं ऐक. तू खाली जा आन् खरंच बघ. तिच्यापुढं खोटं टिकवायचं तर आतला पार्ट खरा पाहिजे. आधी बॅटरी. इतके दिवस उभी म्हणजे ती मेलेली असणार. चार्ज करून घे. तिच्या दोन खुंट्यांवर पांढरी बुरशी धरली असंल, गरम पाण्यानं धू, वायरी आवळून घे. मंग दिवे लाव, किल्ली फिरव आन् काय आवाज येतो तो जसाच्या तसा लिही. जे कान आईजवळ हायेत ते माझ्याजवळ नायत. मी आवाज वाचूनच समजून घेणार.

तिची तब्येत चांगली. हासती, बोलती. रूपा एवढंच म्हणती की आजीला थंडीतबी पंखा लागतो, तोबी पाचावर. दार लोटून घेती. म्हातारपणी अंगात उष्णता वाढत असंल. डॉक्टरला विचारतो.

चौदा जानेवारीचं तिनं पुन्हा काढलं. गल्लीतल्या बायांना सांगून बसली, "माझ्या राजूची जीप येणार हाय, दुसरं वाहन बघू नका."

तुझा,
पुंडलिक


उस्मानपुरा
१४ डिसेंबर २०२५

(मोठ्यानं वाचायचं पान)

आत्याबाईंना आणि दादांना जयभीम.

तुम्ही सांगितलं ते सगळं केलं. बॅटरी पार बसली होती. आमच्या इथल्या बन्सी मेकॅनिकनं नेऊन चार्ज करून आणली. खुंट्यांवर बुरशी होती, पिठाच्या डब्याला तोंड उघडं ठेवल्यावर येते तशी. गरम पाण्यानं धुतली. आता हॉर्न असा वाजतो की रत्नमालाबाईंच्या हातून पातेलं पडलं. दिवेही लख्ख.

पण किल्ली फिरवली की एकदाच 'टक' होतं. जड टक. दार आतून कुणी एकदाच ठोकावं तसं. आणि त्याच वेळी दिवे पार मंद होतात. किल्ली सोडली की पुन्हा लख्ख. दर खेपेला तसंच.

बन्सी म्हणतो, सेल्फ जळला. हे म्हणतात, उतरवून वाइंडिंगवाल्याकडं न्यावा. वेळ लागेल. चौदा तारखेचं नक्की धरू नका.

तुमची,
सौ. करुणा

(दादांपुरतं)

दादा, दार उघडलं. काही झालं नाही. मला वाटलं होतं, होईल. वास येईल, किंवा आठवेल. सीटखाली त्यांची टोपी होती, आरशाला अजिंठ्याच्या कुणा पाहुण्यानं दिलेली माळ होती. टोपी मी झटकून मागच्या सीटवर ठेवली. मग दिवे लावले आणि किल्ली फिरवली. तुम्ही विचारलं नसतं, तर जन्मात फिरवली नसती.

बन्सीचं सांगते. तो चार्ज केलेली बॅटरी बसवायला आला तेव्हा त्याला टक ऐकवलं. तो ऐकायच्या आधीच म्हणाला, "वहिनी, सेल्फ जल गया समजो."

मी म्हटलं, "उघडून तरी बघा."

"उघडना क्या? आवाज से कळतं ना. बीस साल से हेच करतोय."

"बॅटरी न्यायला आलात तेव्हा म्हणालात, वायर जळली. जाता जाता म्हणालात, किल्लीचा स्विच जळला."

"तो भी जला रहेगा," तो शांतपणे म्हणाला. "पुरानी गाडी है. सब थोडा थोडा जला रहता."

हे मला पटलं.

रत्नमालाबाई भिंतीवरून म्हणाल्या, "करुणाताई, जीप हलली की सांगा हं. आमची कार सावलीत लावायचं ह्यांच्या लई मनात आहे." मग जीभ चावली आणि वाटीभर कुरडया दिल्या. त्या चांगल्या आहेत. दुःखात असलेल्या माणसाच्या जागेवर डोळा ठेवायचा आणि वर खायलाही द्यायचं, दोन्ही त्या मनापासून करतात.

ह्यांच्या पुण्यानुमोदनाच्या सभेची एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली. तुम्ही आईजवळ होतात, म्हणून येता आलं नाही. आमच्या जयंती समितीचे आप्पासाहेब बोलायला उभे राहिले आणि म्हणाले, राजकुमारभाऊंचे अखेरचे शब्द होते, 'समाजासाठी झटत राहा.' आप्पासाहेब त्या दिवशी गावाला होते. लोकांनी माना हलवल्या. मीही हलवली. खरे शब्द सभेत सांगण्यासारखे नव्हते.

आणि हो, 'हे म्हणतात' लिहायची आता सवय होत चाललीय. त्याचीच जरा भीती वाटते. वाटते म्हणजे, वाटायला पाहिजे असं वाटतं.

तुमची,
करुणा


फर्दापूर
२२ डिसेंबर २०२५

चि. सौ. करुणा हीस जयभीम.

आईनं सांगितलंय ते जसंच्या तसं लिहितो. माझ्या उजव्या कानात ओरडून सांगती हाय.

"उतरवू नको म्हणावं. त्या बन्सीला म्हणावं, तुझंच डोकं उतरव. जळलेला सेल्फ असा टक करीत नाय आन् दिवे असे बसत नायत. दिवे बसले म्हंजे करंट तिथवर पोचला. जोर लावतोय बिचारा, पण त्याला फिरायला जागाच नाय. दातात दात अडकलाय. किल्ली काढा, टॉप गेरात टाका आन् दोघा-चौघांनी जीप पुढं-मागं हालवा. ढकलायची नाय. पाळण्यागत हालवायची. सुटंल. सुटला की गेरातून काढा, मंग किल्ली."

करुणा, ती बरोबर बोलती. सेल्फच्या पुढं एक छोटं दातेरी चाक असतं. किल्ली फिरवली की ते पुढं सरकून इंजिनाच्या मोठ्या चाकात बसतं आन् त्याला फिरवतं. कधी कधी वाकडं बसतं आन् रुततं. मंग कितीबी किल्ली फिरवा. मोठं चाक बाहेरून हाललं तर छोटं सुटतं. मी हे आधीच सांगायला पाहिजे होतं. मी वायंडिंगचाच विचार करीत बसलो.

आता माझ्या मनातलं. जीप चालू झाली तर काय करायचं, हे आईनं सांगितलं नाय आन् मलाबी सुचत नाय. बंद जीपवर आपण इतके दिवस निभावलं. चालू झाली तर राजू का येत नाय, ह्याला दुसरं कारण लागंल, आन् माझ्याकडं दुसरं नाय. तर चालू झाली तर मला कळव. मोठ्यानं वाचायच्या पानावर मात्र बंदच राहू दे. ह्या वयात तिला हे ऐकवलं आन् तिला काय झालं, तर माझ्या हातून दोन माणसं गेली असं व्हईल.

तुझा,
पुंडलिक


उस्मानपुरा
२७ डिसेंबर २०२५

(मोठ्यानं वाचायचं पान)

आत्याबाईंना आणि दादांना जयभीम.

जीप अजून बंदच आहे. तुम्ही सांगितल्याप्रमाणं गेरात टाकून हलवून बघितली, पण सेल्फ काही सुटला नाही. हे म्हणतात, आता नवाच टाकू. तो मिळायला वेळ लागेल. चौदा तारखेला गल्लीतल्या बायांनी दुसरं वाहन बघितलं तर बरं. आम्हाला वाईट वाटतं.

थंडी फार आहे. जपा.

तुमची,
सौ. करुणा

(दादांपुरतं)

चालू झाली.

काल सकाळी रत्नमालाबाईंचे सर्जेराव, बन्सी आणि प्रणय असे तिघं लागले. प्रणयला मी उठवलं नव्हतं. तो दाराशी येऊन उभा राहिला, बनियनवरच, आणि मागच्या बंपरला हात लावला. इतके दिवस तो जीपच्या पलीकडून वळसा घालून जायचा.

बन्सी आधी म्हणाला, "हे काय देशी इलाज आहे, सेल्फ जला है." मी म्हटलं, "फर्दापूरहून साहेबांचा हुकूम आहे." कोणते साहेब ते विचारायच्या आधीच त्यानं टॉप गेर टाकला आणि खाली उतरला. सर्जेराव पुढच्या चाकाजवळून, बाकीचे मागून. पुढं, मागं. पुढं, मागं. खड्ड्यांमुळं जागा वीतभरच. रत्नमालाबाई भिंतीवरून "जोरात, जोरात" म्हणत होत्या. पाचव्या-सहाव्या खेपेला आतून 'खट' झालं. मोठा आवाज नव्हता. बांगडी फुटावी तेवढा. बन्सी म्हणाला, "छूटा." आणि लगेच, "मी म्हटलं होतं ना."

मी सीटवर बसले, गेर काढला, किल्ली फिरवली. जीप एका दमात चालू झाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सर्जेराव धुरात खोकत हसत होते. प्रणय हसला नाही, माझ्याकडं बघत होता.

मी घाईघाईनं बंद करून टाकली. आवाज फर्दापूरपर्यंत जाईल की काय, असं.

मग वर आले आणि तुमचं ते मोठ्यानं वाचायचं पान लिहिलं. चालू जीपला बंद म्हणून लिहिताना मला काहीच वाटलं नाही, दादा. तेवढंच जरा वाटलं.

आत्याबाईंना सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. पण माझ्याच्यानं आता फार पत्रं होणार नाहीत. त्यांच्या तोंडी घालायला माझ्याकडची वाक्यं संपत आलीत. पुढच्या खेपेला 'हे म्हणतात, हात धुवून जेवायला बसा' असं लिहीन.

तुमची,
करुणा


फर्दापूर
२ जानेवारी २०२६

करुणा,

काकू, मी रूपा. आजी सांगतात तसं लिहिते. मी सवयीनं आधी 'चि. सौ.' लिहिलं होतं. त्यांनी त्यावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "हे काढ." मग मी नवा कागद घेतला. सासरे कानाच्या मशीनसाठी सिल्लोडला गेलेत. पुढं आजींचं बोलणं.

करुणा, म्या मनकर्णाबाई बोलती.

पुंडलिकला वाटतं म्हातारीला काय कळत नाय. वाटू दे, त्याला तेवढाच इसावा. तुला सांगते. आधी त्या आंघोळी. प्रणयला कवाबी इचारा, पप्पा आंघोळीला. सकाळी आंघोळ, दुपारी आंघोळ, सांजच्याला आंघोळ. आगं, तुमच्या शहरात नळाला पाणी येतं आठवड्यानं, आन् माझा लेक दिसातून तीनदा आंघोळ करतो? लगीन व्हतं त्या दिवशीबी त्यानं एकदाच केली व्हती. तवाच म्या वळखलं.

मंग तुझी पत्रं. पाकिटातून कागद निघत्यात दोन, रूपा वाचती एक. दुसरा पुंडलिक बंडीच्या खिशात घालतो. म्या तो कधी वाचून घेतला नाय. तो त्याचा हाय.

आन् सारखं आपलं हे म्हणतात, हे म्हणतात. काय म्हणतात? जपा म्हणतात, गोळ्या घ्या म्हणतात. राजू? माझा राजू शिवी दिल्याबिगर बॉनेट उघडत नव्हता. मिसरूड फुटायच्या आधीपासून. तू पेपरात समद्यांच्या तोंडी तिखट घालतीस म्हणं, मंग माझ्याच लेकाच्या तोंडी साखरपाणी कशाला? तवा समजलं, किल्ली तू फिरवतीस.

म्हणून सांगत गेले. बॅटरी बघ, दिवे बघ, गेरात टाक. राजूला काय सांगायचं व्हतं? त्याला समदं येत व्हतं. तुला सांगत व्हते. घरात नुसती बसून ऱ्हाशील, खाली उतरायची नायस, म्हणून. जीप चालू झाली असंल. त्या उपायानं व्हतीच. तू बंद हाय म्हणून लिहिलंस, त्येबी समजलं. रागावले नाय.

आता ऐक. ह्या घरात मला रडायला जागा नाय. पुंडलिक आत आला की म्या हासते, नायतर त्याचं तोंड उतरतं. रूपा आली की हासते. ही बघ, लिहिता लिहिता रडती. लिही गं तू. कुणी नसलं की म्या दार लोटते आन् पंखा पाचावर करते, म्हंजे आवाज भाईर जात नाय. थंडीनं गुडघे धरलेत माझे. पोटचं लेकरू गेलं आन् म्या चोरून रडायचं? त्यानं काय चोरी केली व्हती?

जीप घेऊन ये. चौदाला मला गेटला न्या. तिथं शहिदांच्या आठवणीनं बाया रडत्यात. त्यात माझंबी खपंल.

आन् एक इचारायचं हाय. जाताना त्यो काय बोलला? खरं सांग. साखरपाणी नको.

(काकू, आजींनी पंखा आत्ता स्वतः उठून बंद केला. — रूपा)


उस्मानपुरा
६ जानेवारी २०२६

आत्याबाई आणि दादा, जयभीम.

या पाकिटात एकच पान आहे. रूपा, मोठ्यानं वाच. मग दादांच्या हातात दे आणि त्यांचं वाचून होईपर्यंत त्यांच्याजवळ बस.

दादा, तुमच्या आईला सगळं माहीत आहे. त्यांना काही झालेलं नाही. तुम्ही ज्याला भीत होतात ते त्यांच्यावरून कधीच होऊन गेलंय, तुम्ही बाहेरच्या खोलीत बसला होतात तेव्हा. पंख्याचं डॉक्टरला विचारू नका. आत्याबाईंना विचारा.

आत्याबाई, तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर समोर येऊन सांगायला पाहिजे, पण तिथं आल्यावर मला जमेल की नाही सांगता येत नाही. कागदावर जमतं.

सकाळ होती. अजिंठ्याला जाणारे पाहुणे हॉटेलवर थांबले होते. मी डबा घेऊन फाटकाशी आले. त्यांनी किल्ली फिरवली. टक. पुन्हा फिरवली. टक. मग स्टिअरिंगवर थाप मारून म्हणाले, "तुझ्या मायला तुझ्या, भवाने, आजच?" आणि डोकं स्टिअरिंगवर टेकवलं. मी हसले. मला वाटलं, नेहमीचंच. डबा हातात घेऊन मी हसत उभी होते.

एवढंच बोलले. त्याच्या आधी "भाजीत मीठ बघितलंस का" असं विचारलं होतं, ते हवं असेल तर तेही धरा. समाजाबद्दल काही बोलले नाहीत. ही शिवी मी कुणालाच सांगितलेली नव्हती, आणि तुमच्या पत्रांतही घातली नाही, कारण ती घातली असती तर तिच्यापुढं काय झालं तेही लिहावं लागलं असतं. त्या दिवशी त्यांच्या हातून सेल्फ जो रुतला, तो तुम्ही सांगेपर्यंत रुतलेलाच होता.

मला अजून रडू आलेलं नाही. तुम्ही सेल्फवर उपाय सांगितलात, तसा ह्याच्यावरही ठाऊक असेल तर काढून ठेवा. पुढं-मागं हलवायचं असेल तर माझी तयारी आहे. सगळे लांबून बघतात. धरून हलवलेलं कुणी नाही.

रविवारी येतो. जीप प्रणय चालवेल. आंघोळींचं काय ते त्यालाच विचारा, तो कबूल होईल. गल्लीतल्या बायांना सांगा, दुसरं वाहन बघू नका. चौदाला सगळ्या मावतील, पुढची सीट तुमची.

घाट चढून उतरून दुपारपर्यंत फाट्यावरून वळू. दादा, तुम्हाला आवाज येणार नाही. आत्याबाईंच्या तोंडाकडं बघत राहा.

करुणा